टूथपेस्ट दातांसाठी असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मूल भाजल्यास त्या जागी आधी टूथपेस्ट लावावी आणि आग थांबली नाही तर बर्फ चोळावा, असा सल्ला कालच्या पुरवणीतील घरगुती उपायांच्या सदरात वाचला. लेखकाच्या हेतूबद्दल मला शंका नाही; तथापि हा मजकूर छापण्यापूर्वी एखाद्या डॉक्टरांच्या नजरेखालून गेला होता का, एवढे कळले तर बरे होईल.

टूथपेस्टचा हा प्रयोग आमच्या घरी होऊन गेला आहे. नात तेव्हा चौदा महिन्यांची होती आणि हाताला लागेल ते धरून उभी राहत होती. मी चहाचा कप टेबलाच्या कडेपासून चांगला वीतभर आत ठेवला आणि पुन्हा पेपरात डोके घातले. टेबलावर कापड अंथरलेले आहे, याचा मात्र विचार केला नाही. तिने कापड ओढले आणि चहा हनुवटीखाली, छातीवर, डाव्या दंडावर सांडला. आम्ही तिला नळाखाली जेमतेम अर्धा मिनिट धरले असेल. मग शेजारच्या बाईंनी मायेपोटी अर्धी ट्यूब तिच्या छातीवर थापली आणि मी ती थापू दिली. रुग्णालयात पोहोचेपर्यंत तिचे पांढरे, कडक पुट झाले होते. परिचारिका ओल्या बोळ्याने ते सोडवू लागल्या, तेव्हा पोरीने फोडलेला टाहो चहा सांडला तेव्हाच्या रडण्यापेक्षाही भयंकर होता. डॉक्टर शांतपणे एवढेच म्हणाले, “खालची कातडी लाल आहे की पांढरी पडली आहे, हे दिसल्याशिवाय किती खोल भाजलंय ते मी कसं सांगू?”

त्यानंतर त्यांनी जे केले, त्याला औषधाच्या दुकानात जावे लागत नाही. भाजून तासही झाला नव्हता. पहिल्या तीन तासांत पाण्याचा उपयोग होतो, असे सांगून त्यांनी अंगातले भिजलेले झबले काढले, हातातले कडे सूज येण्याआधी उतरवले आणि भाजलेल्या भागावर वाहते गार पाणी घड्याळ लावून २० मिनिटे सोडले. उरलेले अंग ब्लँकेटमध्ये गुंडाळलेले होते, कारण एवढ्याशा जिवाच्या अंगातली ऊब फार लवकर जाते. बर्फ चोळण्याचा सल्ला देणाऱ्याने निदान याचा तरी विचार करायचा होता. शिवाय बर्फाने त्या जागेचा रक्तपुरवठा आखडतो आणि आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते. फोडांना कोणी हात लावला नाही. (आपल्या लेखात ते ‘स्वच्छ सुईने’ फोडायला सांगितले आहेत. धन्य आहे.)

लेखाचा रोख सगळा उपायांवर आहे. भाजू नये म्हणून काय करावे, याला शेवटची दीड ओळ मिळाली आहे, आणि तीही ‘आईचे दुर्लक्ष’ या शब्दांत संपते. आमच्या घरी दुर्लक्ष आजोबांचे होते, आणि ते हाच पेपर वाचत होते. आंघोळीच्या पाण्याबद्दल तर अवाक्षर नाही. ६० अंश सेल्सिअसचे पाणी मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजते. मुलाची कातडी त्याहून पातळ, तिला तेवढाही वेळ लागत नाही. म्हणून आधी गार पाणी घ्यावे, मग त्यात गरम ओतावे आणि कोपर बुडवून पाहिल्याशिवाय मुलाला जवळ आणू नये, हे सांगायला किती जागा लागली असती? ती जागा आपण छायाचित्राला दिली. त्यात एक हसतमुख गृहस्थ मांडीवर बाळ घेऊन बसले आहेत आणि त्यांच्या हातात वाफाळता कप आहे. छायाचित्र निवडणाऱ्याने ते पाहिले असावे, अशी आशा आहे.

नात आता आठ वर्षांची आहे आणि दंडावरचा फिकट डाग सोडला तर काही राहिलेले नाही. आपण दुरुस्ती छापणार असाल, तर ती त्याच पुरवणीत, त्याच सदरात आणि त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी, ही विनंती. मागच्या वेळची शब्दकोड्याच्या उत्तरांखाली गेली होती आणि ती वाचायला मला भिंग शोधावे लागले होते.

आपला,
एक जुना वर्गणीदार