हो चि मिन्ह यांच्याआधीचा व्हिएतनाम

महोदय,
व्हिएतनामविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा कम्युनिस्ट नेते हो चि मिन्ह आणि फ्रेंचांचा पराभव झालेली दिएन बिएन फूची लढाई (१९५४) यांच्याबद्दल. फ्रेंचांविरुद्धचा लढा मात्र त्याआधीच कितीतरी वर्षे चालू होता. फ्रेंच सरकारने मीठ, दारू आणि अफू यांची मक्तेदारी स्वतःकडे ठेवली होती. समुद्रकाठच्या माणसालाही मीठ चढ्या भावाने घ्यावे लागे. हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको!

स्वातंत्र्यासाठी झटणारे नेते फान बोई चाऊ यांनी १९०५ पासून तरुणांना शिकण्यासाठी जपानला पाठवले. दुसरे नेते फान चू त्रिन्ह यांचा भर सशस्त्र उठावापेक्षा शिक्षण आणि सुधारणांवर होता. हनोईत १९०७ साली निघालेली मोफत शाळा फ्रेंचांनी काही महिन्यांतच बंद केली. एका शाळेची एवढी धास्ती! पुढच्याच वर्षी मध्य व्हिएतनामात कर आणि वेठबिगारीविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले. अनेकांनी जुन्या चालीचे लांब केस कापून टाकले. फान चू त्रिन्ह यांची रवानगी पुलो कोंदोर बेटावरच्या तुरुंगात झाली.

फेब्रुवारी १९३० मध्ये येन बाय येथे फ्रेंच सैन्यातल्याच व्हिएतनामी शिपायांनी बंड केले. ते फसले. राष्ट्रवादी पक्षाचे नेते न्गुयेन थाय होक आणि त्यांचे बारा साथीदार १७ जून रोजी गिलोटिनखाली गेले. ते कम्युनिस्ट नव्हते, म्हणूनच कदाचित त्यांची नावे मागे पडली. आपल्या रविवार पुरवणीत या मंडळींवर एखादा सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली