माहेरच्या बाळंतपणाबद्दल

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

सातव्या महिन्यात मला साताऱ्याला नेण्याचा बेत तुम्ही फोनवर सांगितलात तेव्हा मी गप्प राहिले. तो रुसवा नव्हता. उत्तर सुचायला मला वेळ लागतो, म्हणून लिहीत आहे. बाळंतपण पुण्यातच करावे असे मी ठरवले आहे.

एकतिसाव्या वर्षी माझ्या स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले तेव्हा ‘आता या कागदाचा काय उपयोग?’ असे बाबांनी विचारले होते. पहिल्या रुग्णालयात न सांगता पोटावर थंड जेल लावले, मी आखडले, आणि ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असा शेरा मिळाला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, हे आताच्या डॉक्टरांना सांगावेही लागले नाही. हात लावण्यापूर्वी त्या काय करणार ते सांगतात आणि मी ‘हो’ म्हणेपर्यंत थांबतात.

भूक, तहान, लघवीची भावना मला उशिरा कळते, तशाच कळाही कदाचित उशिरा कळतील, म्हणून बाळाची हालचाल मी घड्याळ लावून वहीत नोंदवते. त्याहून मोठी अडचण माझ्या चेहऱ्याची आहे: असह्य दुखत असतानाही तो शांत दिसतो, त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ असे नर्सला वाटू शकते. ताण वाढला की माझी वाचाच बंद होते. त्यासाठी ‘थांबा’, ‘फार दुखते आहे’, ‘दिवा मंद करा’ अशी कार्डे केली आहेत, आणि मॉनिटरचा आवाज कमी ठेवण्याचे डॉक्टरांनी मान्य केले आहे.

बाळंतपणानंतर शेक चालेल, धुरीचा वास मात्र सोसणार नाही. मालिश घट्ट हाताने हवी. हलका स्पर्श मला टोचतो. (अळिवाच्या खिरीचा बुळबुळीतपणा लहानपणीही गिळवला नव्हता, डिंकाचे लाडू कितीही करा.) बाळ रडताना मी कानात बोळे घातले तर माया कमी आहे असे समजू नका. स्वमग्न मातांमध्ये बाळंतपणानंतरचे नैराश्य अधिक आढळते. माझे गप्प बसणे तुमच्या सवयीचे आहे, म्हणून माझी झोप आणि जेवण यांवर लक्ष ठेवा, आणि ती बिघडली तर बाबांनी थेट डॉक्टरांना फोन करावा.

आई, प्रसूतीच्या खोलीत तू माझ्यासोबत असावीस. सरकारी रुग्णालयांतही २०१६पासून सोबतिणीला परवानगी आहे. इथेही डॉक्टरांनी होकार दिला आहे. लग्नघरातल्या गोंगाटात मी कोठीच्या खोलीत जाऊन बसायचे तेव्हा दाराशी उभी राहून तू पाहुण्यांना सांगायचीस, ‘ती येईल तिच्या वेळाने.’ तेच वाक्य मला तिथे तुझ्या तोंडून हवे आहे.

येत्या शनिवारी सकाळी दहाला तपासणी आहे. त्या दिवशी आलीस तर ती खोली आपल्याला आधीच पाहता येईल, आणि कार्डे कोणत्या खिशात ठेवायची तेही ठरवता येईल.

तुमची,
धाकटी