लहानपणीचा वाघ मुलांना दाखवताना

महोदय,

सुट्टी लागली की आईबाबा मुलांना घेऊन संग्रहालयात येतात आणि दारातूनच सुरू होतात, 'मी तुझ्याएवढा होतो ना, तेव्हा इथे एक पेंढा भरलेला वाघ होता, केवढा मोठा!' मूल वाघ बघतं आणि म्हणतं, 'एवढाच?' बाबांचा चेहरा पडतो. वाघ पूर्वी होता तेवढाच आहे. तेव्हा बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंचीवर होते, इतकंच. म्हणून आधी वर्णन करू नये आणि मुलाच्या शेजारी उकिडवं बसून बघावं. काचेवर पडणारं दिव्याचं प्रतिबिंबही तिरकं बसलं की बहुधा बाजूला सरकतं.

निघण्यापूर्वी फोन करून आपल्या आठवणीतली वस्तू अजून मांडलेली आहे का, हे विचारून घ्यावं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य दालनात १९७९ पासून डिप्लोडोकस या डायनोसॉरच्या सांगाड्याची प्लास्टरची प्रतिकृती उभी होती. २०१७ मध्ये तिच्या जागी २५ मीटरहून लांब निळ्या देवमाशाचा खरा सांगाडा आला. जुनी रेशमी वस्त्रं आणि जलरंगातली चित्रं तर काही महिन्यांनी कोठारात परत जातात. प्रकाशाने उडालेला रंग पुन्हा येत नाही आणि नुकसान साठत जातं, म्हणून तिथे उजेड अगदी मंद, साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) ठेवतात. अशा अंधाऱ्या दालनात मूल बिचकतं. दाराशीच पाच मिनिटं थांबलं की डोळे सरावतात.

आठवणीतली वस्तू आधी दाखवावी, बाकीचं नंतर. संग्रहालयात येणाऱ्या शिणाबद्दल बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच लिहिलं होतं: वाकून, मान तिरकी करून बघण्याने माणूस थकतो. मोठ्यांची ही गत, तर पाच वर्षांच्या मुलाकडून पाऊण तासापलीकडे अपेक्षा नको. 'आलोच आहोत तर सगळं बघू' या हट्टापायी आवडती वस्तू शेवटी येते आणि तोवर मूल कडेवर झोपलेलं असतं.

वस्तूपुढे उभं राहिल्यावर माहिती सांगण्यापेक्षा शोधायला काहीतरी द्यावं. पेंढा भरलेल्या प्राण्यांचा देखावा असेल तर विचारावं, 'खरं गवत कुठे संपतं आणि रंगवलेलं कुठे सुरू होतं?' मागची भिंत कोपरा दिसू नये म्हणून गोलाकार केलेली असते. जमीन आणि चित्र यांचा सांधा दगड किंवा झुडपाआड लपवलेला असतो. तो सापडला की मूल काचेला नाक लावून बसतं. (डाग आपण पुसावा.) वाघाचे डोळे काचेचे आहेत हेही मग मूल आपणहून सांगतं. आणि हो, हल्ली वाघात पेंढा सहसा नसतो; तयार साच्यावर कातडं चढवतात.

चित्र काढायचं असेल तर पुठ्ठ्याला कागद लावून पेन्सिल द्यावी. पेन पुष्कळ संग्रहालयांत चालत नाही, कारण शाईचा डाग वस्तूवरून निघत नाही.

आपले,
काही संग्रहालय मार्गदर्शक