कुरईच्या घाटात गाडी का दमली

मस्कत,
शुक्रवार, रात्र

चि. छोटू यास अनेक आशीर्वाद.

आईबाबांना माझा नमस्कार सांग. मी बरा आहे, पगार वेळेवर होतो, जेवण आता जमतं. परवा फोनवर मी सांगत गेलो, तू करत गेला आणि आपली मालाची गाडी सुधारली. पण ती का बिघडली आणि का सुधारली हे सांगायचं राहूनच गेलं. म्हणून लिहितो. वाचून झालं की हे पत्र गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीतच ठेव. पुढच्या वेळी सिवनीच्या रस्त्यावर खवाश्याच्या पुढे मोबाईलला रेंज नसली तरी तुझं अडायला नको.

त्या रात्री तुझा फोन आला तेव्हा इथे नऊ वाजले होते, म्हणजे तुमच्याकडे साडेदहा. "दादा, गाडीत दमच नाही राहिला. सपाटीवर चालते, पण संत्रा भरून कुरईचा घाट दुसऱ्या गिअरवर चढवला. मिस्त्री म्हणून राहिला पंप-नोजल उतरवा, टर्बो बदला, चाळीस हजार पकडून चाला." मी काही बोलायच्या आतच मागून बाबांचा आवाज आला, "अबे, धूर कोणता हाय ते विचार त्याले."

छोटू, आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या वर्गात मी जे शिकलो त्याच्या आधीपासून बाबा हा एक प्रश्न विचारत आलेत. इथे वादी कबीरच्या वर्कशॉपमध्ये लॅपटॉप लावून गाडी तपासतात, तरी मी अजून पहिले सायलेन्सरकडेच पाहतो. (वाडीतून निघालो आणि वादीत आलो. इथल्या भाषेत वादी म्हणजे ओढ्याचं खोरं.)

धूर काळा असेल तर डिझेल जास्त आणि हवा कमी. मग एअर क्लीनर, टर्बोपासून इंजिनापर्यंतचे होस, अर्धवट बंद अडकलेला एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी हळू करणारा), या बाजूने निघायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय किंवा पाणी आत शिरतंय. तू सांगितलं, "धूर नाहीच. चढावरही नाही." तिथेच माझा जीव अर्धा भांड्यात पडला. चढावर भरलेली गाडी, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, तरी धूर नाही आणि ताकदही नाही, याचा अर्थ इंजिनाला डिझेलच पुरेसं मिळत नव्हतं. तेवढ्यासाठी इंजिन उघडायचं कारण नव्हतं.

मी तुला आधी चाकांवर पाणी शिंपडायला लावलं, तेव्हा तू वैतागला होता. पण गाडी ओढत नाही म्हणजे दोष इंजिनाचाच असतो असं नाही. एखाद्या चाकाचा ब्रेक जाम असला तरी गाडी तशीच दमते. ड्रमवर पाणी टाकताच चर्र आवाज झाला असता तर तिथेच कळलं असतं. झाला नाही.

मग डिझेलची वाट. फिल्टर तू पंधरा दिवसांपूर्वीच बदलले होते. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची जाळी काढली, स्वच्छ निघाली. टाकीचं झाकण सैल करून गाडी चालवली, फरक नाही. झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं असतं तर टाकीत ओढ बसून डिझेल येईनासं होतं आणि झाकण उघडताना फुस्स होतं. त्यानंतर कॅन. पाच लिटरच्या कॅनमध्ये चांगलं डिझेल, त्यातून नळी थेट फीड पंपाला. ही युक्ती कधी विसरू नको. टाकी, टाकीतली जाळी, लांबलचक पाईप, त्याचे सगळे जोड एका फटक्यात बाजूला होतात. फीड पंपाच्या आधीच्या पाईपला चीर गेली तर बाहेर डिझेल गळत नाही, उलट आत हवा ओढली जाते, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. कॅनवर गाडी सुधारली असती तर दोष टाकीच्या बाजूला. सुधारली नाही. म्हणजे नोजलना डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपापर्यंत डिझेल नीट येत होतं, पण तो पंपच हात आखडता घेत होता.

आता खरी गोष्ट. आपल्या इंजिनाला सहा-सत्त्याण्णव का म्हणतात माहीत आहे? सहा सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर, म्हणजे आतला व्यास, 97 मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 128, सगळे मिळून 5675 सीसी. एवढ्या इंजिनात टर्बो हवा कोंबतो तेव्हाच सोळा टनी गाडी घाट चढते. पण हवा वाढली की डिझेलही त्या हिशोबाने वाढायला पाहिजे. हा हिशोब पंपाच्या डोक्यावरची गोल टोपी ठेवते. तिच्यात रबरी पडदा आहे. इनटेक मॅनिफोल्डमधून करंगळीपेक्षा बारीक एक पाईप तिच्यापर्यंत येतो. टर्बोचा दाब त्या पाईपमधून पडद्यावर पडतो, पडदा दांडी ढकलतो आणि पंप जास्त डिझेल सोडतो. पाईप फुटला की टर्बो कितीही फिरो, पंपाच्या लेखी हवा आलेलीच नसते. काळा धूर होऊ नये म्हणून तो डिझेल रोखून धरतो. म्हणून सपाटीवर ठीक आणि घाटात मेल्यासारखी.

तू तो पाईप काढून व्हिडिओ कॉलवर दाखवला तेव्हा मला काहीच दिसलं नाही. तुलाही नाही. पण एका टोकाला अंगठा दाबून दुसऱ्या टोकाने तू फुंकलं आणि म्हणाला, "दादा, गालाला हवा लागून राहिली." नटच्या मागे, जिथे पाईप ब्रॅकेटला घासत होता, तिथे केसाएवढी चीर. साबणाचं पाणी लावलं तर एकच बुडबुडा, हरभऱ्याएवढा. चाळीस हजाराचं काम त्या बुडबुड्यात होतं! नवा पाईप आणि दोन तांब्याचे वायसर, साडेतीनशे रुपये. ब्रॅकेटवर जुन्या ट्यूबचा तुकडा बांधायला सांगितला होता, तो बांधला का? नाही तर सहा महिन्यांत पुन्हा घासेल.

मिस्त्रीचा राग धरू नको, रोज दहा गाड्या पाहणाऱ्याला घाई असते. पण त्याने सुचवलेली दुसरी गोष्ट, पंपाचं सील तोडून फुल लोडचा स्क्रू (पंप जास्तीत जास्त किती डिझेल सोडेल ते ठरवणारा) फिरवणं, ती कोणी फुकट करून दिली तरी करू देऊ नको. गाडी पळते, हे खरं. पण वाढलेलं डिझेल जळायला हवा पुरत नाही, काळा धूर सुटतो, एक्झॉस्ट तापतो, आधी टर्बो जातो आणि मग पिस्टनचा माथा वितळतो. मी इथे तसे पिस्टन हातात घेऊन पाहिलेत. मेणबत्तीसारखे ओघळलेले असतात.

इथल्या गाड्या इलेक्ट्रॉनिक आहेत, तरी रोग तेच. मागच्या महिन्यात एक टिपर आला, चढावर दम नाही, थोडा काळा धूर. लॅपटॉप म्हणे टर्बोचा दाब कमी. कोणी तरी दोनदा सेन्सर बदलून बसलं होतं. मी टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचे होस पाहत गेलो. एका क्लिपच्या खाली तेलकट ओलीची रेघ आणि तिच्यावर इथली बारीक वाळू चिकटलेली, अर्ध्या बांगडीसारखी. तिथूनच हवा पळत होती. बिघाड काय आहे ते लॅपटॉपने सांगितलं, पण कुठे आहे ते मला त्या वाळूने दाखवलं.

आणि हे मात्र नीट लक्षात ठेव. बाबा नोजलच्या पाईपचा नट एकेक करून सैल करतात आणि आवाज पडला नाही तर तो सिलिंडर मेला असं ओळखतात. ते आपल्या जुन्या पंपावर चालतं. तू नवी बीएस-6 गाडी घ्यायचं म्हणतो ना, तिच्यावर हे कधीही करायचं नाही. तिच्या कॉमन रेलमधला, म्हणजे सगळ्या नोजलना डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीतला, दाब हजार बारच्याही वर जातो. ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते, वरून टोचल्यासारखं दिसतं आणि हात कापायची पाळी येते. गळती शोधायला पुठ्ठा फिरवायचा, बोट नाही. आणि त्या गाडीचं धूर साफ करणारं यूरियाचं पाणी संपलं किंवा त्यात कोणी साधं पाणी मिसळलं तरी ती स्वतःहून ताकद कमी करते. तिथे डॅशबोर्डवरचा दिवा आधी वाच.

मृग बहाराचा संत्रा अजून किती फेऱ्या आहे ते कळव. हप्त्याचे पैसे मी सोमवारी पाठवतो. काटोलवाल्यांचं भाडं आलं की ते आईजवळ दे, बाबांच्या गुडघ्याच्या डॉक्टरसाठी.

तुझा,
दादा

ता. क. : तो फुटका पाईप भंगारात टाकू नको. बाबांना दे. त्यांना बोटाने चीर चाचपून पाहू दे. रात्रभर तेच विचारत होते असं आई म्हणाली.