पूर्वकथा उपरी नाही

'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' या जपानी अ‍ॅनिमेपटावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. ऐन लढाईत येणाऱ्या पूर्वकथांमुळे चित्रपट रेंगाळतो, हा त्यातील आक्षेप पटला नाही. कोयोहारू गोतोगे यांच्या २३ खंडांच्या मूळ चित्रकथेतही अकाझा या राक्षसाचा भूतकाळ लढाईच्या मधोमधच येतो. चित्रपटाने तो पदरचा घातलेला नाही. पुस्तकाचे पान आपण हव्या त्या वेगाने उलटतो आणि १५५ मिनिटे खुर्चीत बसणाऱ्याला ती सोय नसते, हे मान्य. पण माणूस असतानाचा अकाझा, म्हणजे हाकुजी, आपल्या आजारी प्रेयसीच्या, कोयुकीच्या उशाशी बसलेला दाखवलाच नाही, तर अकाझाच्या पायाखाली उमटणाऱ्या हिमकणाच्या नक्षीला अर्थ काय उरणार? ती नक्षी कोयुकीच्या केसांतल्या पिनेची आहे. भाच्यासोबत परभणीहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन मी हा चित्रपट पाहिला. मारामारीला शिट्ट्या वाजवणारी पोरे या प्रसंगात चिडीचूप होती. परतताना जालना येईपर्यंत भाचा एकेक प्रसंग मूळ पुस्तकाशी ताडून सांगत होता. आधीची टीव्ही मालिका न पाहिलेल्याला मात्र हा चित्रपट जड जातो. लेखात तो मुद्दा यायला हवा होता.

– एक वाचक, परभणी