पहिलं नमन महादेवाला: आखरावरच्या आबाजींना आभार पत्र

आदरणीय आबाजी,

साष्टांग दंडवत.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "माहे कायले मानता, त्या महादेवाचे माना" म्हणून उठून जाता. म्हणून हे पत्र. आणि ते उघडं लिहितो आहोत, कारण तुम्ही पोळ्याला जे वळण लावलं ते विदर्भातल्या ज्या ज्या गावात अजून तोरण बांधलं जातं तिथं कामी पडावं.

पोळा श्रावण अमावस्येलाच का, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्या ध्यानात नव्हतं. तोवर वखरणी, पेरणी, डवरणी होऊन गेलेली असते. तिफण धुऊन वर टांगलेली असते. पण घरात दाणा आलेला नसतो. पऱ्हाटी म्हणजे कपाशी पात्या-फुलांवर, सोयाबीन शेंगा धरत असतं, तुरीचं तर नावच घ्यायला नको. "पोळा अन् पाऊस झाला भोळा" म्हणतात, म्हणजे पुढचा पाऊसही भरवशाचा नाही. बोंडअळी बाकी, भाव बाकी. अशा वेळी, हाती काही नसताना, बैलानं ओढलं आणि देवानं इथवर आणलं एवढ्यासाठी हात जोडायचे, हा पोळा. माल घरात आल्यावरच्या आनंदाला दसरा-दिवाळी आहे. हे एकदा डोक्यात बसलं आणि मग सणातली एकेक गोष्ट आपोआप जागेवर आली.

सुरुवात खांदशेकणीची, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा शेकायची. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून बैलाच्या खांद्याला बोट लावलं की झालं, असं बऱ्याच घरी चालतं. तुमची रीत वेगळी. आधी कोमट पाण्यानं खांदा धुवायचा, घामाचं मीठ आणि केसांत बसलेली माती निघेपर्यंत. मग फडक्यानं कोरडा करायचा. एका जोडीला वाटीभर तूप किंवा लोणी, त्यात दोन चमचे हळद. ते कोमट झालं की आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहायचा; मनगटाला चटका बसला तर बैलालाही बसतो, तो फक्त बोलत नाही. मग पळसाचं पान निखाऱ्यावरून फिरवून त्यानं हळूहळू शेकायचं, एका खांद्याला दहा मिनिटं तरी.

या दहा मिनिटांत तुमची बोटं काय करतात ते आम्ही जवळून पाहिलं आहे. अंगठा खांद्याच्या कडेनं फिरतो, मध्येच थांबतो, परत मागे येतो. एका बाजूची कातडी जाड झाली असेल तर जू त्या बाजूला झिजलं आहे किंवा जोडीतला एक बैल उंचीला कमी आहे. दोन्हीकडं सारखी सूज असेल तर ओल्या जुवानं काम झालं आहे. पावसात भिजलेलं लाकूड आणि भिजलेली कातडी एकमेकांवर घासली की खांदा येतोच. वर्षभर बैलाचा खांदा इतक्या सावकाश दुसऱ्या कुठल्या दिवशी पाहिला जातो? आणि हे चाललेलं असताना तुमचे ओठ हलत असतात. नामस्मरण आणि खांद्याची तपासणी तुम्ही कधी वेगळी केलीच नाही.

एक गोष्ट इथं ठळक लिहितो, कारण चूक इथंच होते. खांद्याला उघडी जखम असेल तर शेक नाही, तूपही नाही. तुपावर माश्या बसतात आणि श्रावणातल्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत अळ्या पडतात. अशा खांद्याला पोटॅशियम परमँगनेटचं फिकट गुलाबी पाणी, वर माश्या न बसू देणारं मलम, आणि जखम भरेपर्यंत जू नाही. कालच आलेल्या ताज्या सुजेला गार पाणी. शेक जुन्या सुजेला. आवतन मात्र त्या बैलालाही द्यायचं, कपाळाला हळद-कुंकू लावून.

पोळ्याच्या सजावटीतही तुम्ही बऱ्याच गोष्टी बदलल्या. नवी वेसण सणाच्या दिवशी ओवायची नाही, आठ-दहा दिवस आधी घालायची. नाकातली जागा दुखरी असताना गर्दीत कासरा ओढला गेला की गरीब बैलही मारका होतो, आणि मग दोष बैलाला. वेसण सुताची, नायलॉनची नाही. शिंगं साळणं तर तुम्ही बंदच करवलं. शिंग बाहेरून नखासारखं दिसलं तरी आत रक्त असलेलं जिवंत हाड असतं आणि मोठ्या बैलात त्याची पोकळी डोक्यातल्या पोकळीला जोडलेली असते. वरचा थर खरडून पातळ केला की शिंग तडकतं, आत पू होतो. ऑइल पेंटचंही तसंच. रंगात शिसं असू शकतं, थिनरचा वास नाकाशी राहतो आणि बैल एकमेकांना चाटतात. त्याऐवजी आधी खोबरेल तेलाचा हात, वर गेरू. बेगड चिकटवायला कणकेची खळ. आणि बेगड, प्लॅस्टिकची फुलं, झिरमिळ्या त्याच रात्री काढून मोजून ठेवायच्या; गव्हाणीत पडलेलं प्लॅस्टिक पोटात गेलं तर ते तिथंच साचत राहतं.

आखरावर, म्हणजे गावाकडेच्या गुरं जमायच्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण आता काथ्याच्या दोरीचं असतं. नायलॉनची दोरी तुटत नाही, शिंगात अडकते, आणि पोळा फुटताना, म्हणजे तोरण तुटून जोड्या सुटताना, बैल धावतात तेव्हा एकाच्या शिंगात अडकलेली दोरी दहा जोड्यांना पाडते. उंची सर्वांत उंच शिंगाच्या, बाशिंगासकट, वर दोन हात. दोन जोड्यांमध्ये एक जोडी वळेल एवढी मोकळी जागा. मारके आणि नवे गोऱ्हे कडेला, वाजंत्र्यापासून दूर.

वाजंत्र्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत मोठं ऋण याच बाबतीत आहे. मधल्या काळात गावोगाव आखरावर डीजे आला. झडत्या, म्हणजे तोरणाखाली म्हटली जाणारी पोळ्याची गाणी, ऐकू येईनात, बैल बुजू लागले, आणि पोळा म्हणजे कुणाची जोडी किती रुपयांची एवढंच उरलं. तुम्ही भांडला नाहीत. एवढंच म्हणालात, की तोरणाखाली जोड्या लागल्या की पहिलं नमन होईपर्यंत काहीही वाजवू नका. झडती म्हणणारा आधी गौरा-पार्वतीला नमन करतो आणि सगळे "हर बोला हर हर महादेव" म्हणतात. झडतीची सुरुवात आणि शेवट देवाच्या नावानं होतो, मधली टोलेबाजी त्यानंतरची. ते पहिलं नमन तुम्ही माइकशिवाय करायला लावलं. त्या दोन मिनिटांत आखरावर फक्त घुंगरं वाजतात, कुठं एखादा बैल फुरफुरतो, आणि मग एकदम सगळ्या गावाचा आवाज उठतो. ज्यांनी ते ऐकलं त्यांनीच पुढच्या वर्षी डीजेऐवजी सनई-डफडं ठरवलं.

ज्यांच्या दावणीला आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे, त्यांनाही तुम्ही आखरावर जागा दिली. पाटावर मातीची बैलजोडी, शेजारी घरातला जुना डवरा किंवा तिफणीचा फण, हळद-कुंकू लावलेला. त्यांचंही नमन होतं. नाहीतर बैल विकले त्या वर्षी पोळाही घरातून जातो, आणि मुलांना तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाखेरीज काही उरत नाही.

आता खाण्याचं. पोळ्याच्या रात्री गुरांच्या डॉक्टरांना जे फोन जातात, त्यातले बरेचसे प्रेमापोटी झालेल्या चुकीचे असतात. पोळा फुटला, बैल मारुतीच्या पाराला जाऊन आले, की घरोघरी ओवाळणी. प्रत्येक दारात एक पुरणपोळी, ओंजळभर ठोंबरा, म्हणजे शिजवलेली ज्वारी. दहा दारं झाली की बैलाच्या पोटात एरवी कधी न गेलेलं गूळ-डाळ-धान्य एकदम जातं. कडब्यावर चालणारं त्याचं पोट ते सोसत नाही. आत आंबट तयार होतं, रवंथ थांबते, बैल दात खातो, पाय लटपटतात, शेण पातळ आणि आंबूस येतं, डावी कूस फुगते. रात्रीतून बैल जाऊही शकतो. ज्याच्या आभारासाठी सण, तोच सणानं जावा, यापेक्षा वाईट काय?

तुमचं मोजमाप आता गावात पाठ आहे. जोडीला अर्धा किलो ज्वारीचा ठोंबरा: रात्री भिजवायची, सकाळी दाणा फुटेपर्यंत शिजवायची, चिमूटभर मीठ, पूर्ण गार झाल्यावर द्यायचा. बैलाला एक पुरणपोळी, तीही आपल्या घरची आणि देवाला नैवेद्य दाखवल्यावरची. त्याआधी पोटभर हिरवा चारा आणि कडबा; उपाशी पोटी गोड कधीच नाही. बाकीच्या दारांत बैलाचे पाय धुवायचे, ओवाळायचं आणि नैवेद्य बैलाच्या कपाळाला लावून सोबतच्या टोपलीत टाकायचा. ही टोपली तुमचीच कल्पना. पहिल्या वर्षी बायांना ती पटली नव्हती. दारात आलेल्या बैलानं खाल्लं नाही तर नैवेद्य पोचला कसा म्हणायचं? तुम्ही म्हणालात, महादेवाच्या पिंडीवर वाहिलेलं बेलपान महादेव चावतो काय? त्यावर सगळ्या हसल्या आणि टोपली चालू झाली. टोपलीतलं त्याच संध्याकाळी गुरं राखणाऱ्या गायकीच्या आणि वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदारांच्या घरी जातं.

एवढं करूनही कूस फुगलीच तर: चारा-दाणा बंद, बैल उभा ठेवायचा, हळूहळू फिरवायचा, आणि १९६२ या गुरांच्या डॉक्टरांच्या मदत क्रमांकावर फोन लावायचा. डॉक्टर येईपर्यंत काय पाजायचं ते त्यांनाच फोनवर विचारायचं. सोडा पाजायला सांगितलाच तर तोंड वर ओढून, जीभ धरून नळीनं ओतायचं नाही. पाणी श्वासनळीत जातं आणि पोटाचं राहून फुफ्फुसाचं दुखणं लागतं. मान सरळ, गालाच्या कडेनं थोडं थोडं.

आता सालदाराचा बोजारा, म्हणजे पोळ्याला त्याला द्यायचे पैसे. पूर्वी तो हातावर टेकवला जायचा, कधी रात्री, कधी दुसऱ्या दिवशी, मागावा लागला की. आता मारुतीच्या पारावर, दिवस मावळायच्या आत, नव्या कपड्यांसकट, मालक स्वतः देतो. आणि घरात पंगत बसते तेव्हा पहिलं ताट देवाचं, दुसरं बैलकऱ्याचं, मग घरच्यांचं. यात तुम्ही कुणालाच सूट दिली नाही, अगदी पोळ्यात पहिला मान असलेल्या मानवाईक घरालाही नाही. वर्षभर पहाटे उठून वैरण टाकणारा माणूस उष्ट्या पंगतीला बसणार असेल तर मारुतीपुढं फोडलेल्या नारळाला काही अर्थ उरत नाही, हे आम्हांला पटायला वेळ लागला. पटलं मात्र पक्कं.

रात्रीची सामुदायिक प्रार्थनाही तुमच्यामुळंच टिकली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव लावलेली ही सवय सणाच्या दिवशी हमखास मोडायची, "आज सण हाये, आज राहू द्या." तुम्ही म्हणालात, मग आजच पाहिजे. पंधरा मिनिटं, पारावर, लहान मुलं पुढं. शेवटी शांत बसायचं तेव्हा ज्यानं त्यानं या हंगामातली एक गोष्ट मनात धरायची ज्याबद्दल देवाचे आभार आहेत. वेळेवर आलेला एखादा पाऊस असो, खांदा बरा झालेला बैल असो. बोलून दाखवायचं नाही.

यंदा तुमचा गुडघा दुखतो म्हणून आखरावर येणं जमेल की नाही, असं तुम्ही म्हणालात. तर आबाजी, खांदशेकणीच्या दुपारी गावातली पहिली जोडी तुमच्या ओट्यापुढं आणून उभी करतो. तूप, हळद, पळसाची पानं आम्ही आणतो. शेगडी तेवढी तुमच्या घरची. खांद्यावर बोटं तुमचीच फिरली पाहिजेत. गोऱ्ह्याच्या उजव्या खांद्यावर काहीतरी जाड लागतं आहे आणि आम्हांला नीट कळत नाही.

हर बोला हर हर महादेव.

तुमची,
गावची पोळा समिती