‘पेक्षा’ खोडणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,
सादर नमस्कार.

मागच्या वर्षी नोकरीच्या अर्जात मी ऐटीत लिहिलं होतं, ‘आय एक्सेल दॅन माय कलीग्ज.’ तुम्ही ‘दॅन’वर तांबडी रेघ मारलीत आणि म्हणालात, “अगं, हा ‘पेक्षा’ तुझ्या मराठीतून घुसलाय.” 18 वर्षं हिशेबखात्यात काढलेली बाई मी. एक्सेल रोज उघडायचे, पण ते क्रियापद आहे हे कधी मनातही आलं नव्हतं.

तुम्ही समजावलंत, की इतरांहून सरस असणं या शब्दाच्या पोटातच आहे. पुढे सांगायचं ते फक्त कशात सरस: ‘एक्सेल्स ॲट चेस’, ‘एक्सेल्स इन मॅथ्स’. माणसांचीच नावं घ्यायची असतील, तर ‘सरपास’ किंवा ‘आउटडू’ घ्यावं आणि मनात ‘मागे टाकणे’ म्हणावं. आपण ‘तिने सगळ्यांना मागे टाकलं’ म्हणतो, ‘सगळ्यांपेक्षा मागे टाकलं’ नाही. ही युक्ती तुम्ही दिलीत आणि माझी निम्मी इंग्रजी सुधारली. ‘आउटरन’, ‘आउटलिव्ह’, ‘आउटनंबर’ सगळी त्याच रांगेतली. (‘एक्सेल’च्या शेवटी एकच एल, ‘एक्सेल्ड’मध्ये मात्र दोन. इथे मी अजूनही अडखळते.)

शब्दाचं मूळ सांगताना तर तुम्ही चहा गार केलात. लॅटिनमध्ये ‘एक्सेल्लेरे’ म्हणजे वर उठणं, आणि त्याच घराण्यातला ‘केल्सुस’ म्हणजे उंच. आपल्या ‘उत्कृष्ट’मध्येही ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘कृष्’ म्हणजे ओढणं. त्यांचा शब्द आपणहून उठतो, आपला मात्र कुणीतरी वर ओढलेला! माझ्या बाबतीत दुसराच खरा.

शेवटच्या तासाला तुम्ही बजावलं होतंत, “‘एक्सेल्ड युअरसेल्फ’ म्हणजे एरवीपेक्षा चांगलं केलंस. पण इंग्रज माणूस ते टोमणा म्हणूनही मारतो, जपून.” गेल्या आठवड्यात नव्या ऑफिसातून लंडनच्या एका ग्राहकाला सलग तिसऱ्यांदा चुकीचं बिल गेलं. त्यांचं उत्तर आलं, ‘यू हॅव रिअली एक्सेल्ड युअरसेल्व्ह्ज धिस टाइम.’ आमचे साहेब खूश! शिपायाला पेढे आणायला पाठवलंसुद्धा.

त्याला जिन्यातूनच परत बोलावलं, बाई.

तुमची,
मागच्या बाकावरची विद्यार्थिनी